आबांच्या नावाने

माणूस नव्वदी ओलांडून गेला, की त्याच्याविषयी खरे बोलण्याची आपल्याकडे सोय राहत नाही. साठीत गेलेल्या माणसाचे चार दोष लोक हळूच का होईना, पण बोलतात. जो नातवांवर अक्षता टाकून आणि पणतवंडे मांडीवर खेळवून जातो, त्याच्या वयाचाच एक देव्हारा होऊन बसतो. त्या देव्हाऱ्यापुढे उभे राहून कोणी काही विचारायचे नसते; नुसते हात जोडायचे असतात.

आमचे आबा २०१८ सालच्या मार्गशीर्षात गेले, तेव्हा ते ९६ वर्षांचे होते. तेराव्याला गावाच्या चौकात त्यांचा भला मोठा फ्लेक्स लागला. जन्मभर ज्यांनी डोक्याचा पटका उतरवून फोटो काढू दिला नाही, त्या आबांच्या पटक्यामागे कोणी तरी तेजोवलय काढले होते. मांडवात भाषणे झाली. एकाने त्यांना कर्मयोगी म्हटले, दुसऱ्याने वटवृक्ष म्हटले, तिसऱ्याने तर बेचाळीसच्या पत्री सरकारातच नेऊन बसवले. आबा स्वतः हसत सांगत, "बेचाळीस साली म्या मेंढरामागं हुतो. गोरा सायब बघितला त्यो येकदाच, त्यो बी पाठमोरा." पण ते ऐकायला मांडवात आबा नव्हते.

वाचकहो, मी शाळेत शिकवतो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. तेव्हा पांडित्याचा आव मला आणता येत नाही. पण रचलेले खोटे ओळखण्याची थोडी सवय मला धंद्याने लागली आहे. त्या दिवशी मांडवात जे चालले होते ते रचलेले होते, आणि ते कशासाठी रचले जात होते हे मला दोनच महिन्यांनी कळले. दिवाळीच्या फराळाशेजारी हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. भाऊबीज दाराशी आली आहे, म्हणूनच तो आज काढतो आहे.

आधी आबांचे जे होते ते त्यांना दिले पाहिजे.

आमचे गाव माणदेशातले. पाऊस आला तर आला, नाही तर ढग डोक्यावरून पुढे निघून जातात. अठरा एकर जिराईत, चार खणांचे घर आणि कर्ज, एवढे घेऊन आबांनी संसार मांडला. ते निरक्षर होते. पण बैलाच्या वशिंडावर हात ठेवून त्याचे आजारपण सांगत, आणि मूठभर माती हातात घेऊन वाफसा झाला की नाही ते ठरवीत. दारूला ते शिवले नाहीत. सावकाराचे देणे बुडवले नाही. १९७२ च्या दुष्काळात दावणीची चार जनावरे विकायची पाळी आली, तेव्हा बाजारच्या वाटेवर बसून हा माणूस रडला, असे आजी सांगे. खडीच्या कामावर ते गेले, मिलोची लाल भाकरी त्यांनी खाल्ली आणि मुलांना सुकडी आणून घातली. पुढे गावात वीज आली, विहिरीवर मोटार बसली. तरी मोटेचा नाडा त्यांनी माळ्यावर जपून ठेवला होता. शेवटच्या आजारात सुद्धा पहाटे चारला उठून ते विचारीत, "धारा झाल्या का?" गोठ्यात तेव्हा एकही म्हैस नव्हती.

असा माणूस वाट्याला यायला भाग्य लागते. मी हे मनापासून म्हणतो.

पण मांडवातल्या वक्त्यांनी सांगितले, की आबांनी एकट्याच्या बळावर विहीर पाडली आणि घर उभे केले. हा 'एकट्याच्या बळावर' शब्द मला तिथेच टोचला. ती विहीर १९६२ आणि १९६३ अशा दोन उन्हाळ्यांत पाडली. सुरुंगाला माणसे लावली होती. पण मुरूम आणि दगड वर काढायचे काम घरचेच होते. आबा खाली खणत. आजी पाट्या भरून देई. आणि त्या पाट्या डोक्यावर घेऊन काठावर नेऊन टाकणारी होती माझी थोरली आत्या. वय वर्षे तेरा. दुसरीतून तिला शाळेतून काढले होते, कारण पाठच्या भावांना सांभाळायला कोणी नव्हते. ज्यांना ती काखेत घेऊन हिंडली, त्यांत माझे वडीलही होते. भाऊ शिकले. एक मास्तर झाला, एक सोसायटीत चिकटला, एकाने शेती धरली. त्या विहिरीच्या पाण्यावर चार एकर बागाईत झाले आणि त्या बागाइतावर तिघांच्याही फिया भरल्या गेल्या. थोरल्या आत्याच्या टाळूला मध्यभागी केस विरळ आहेत. लहानपणी मी विचारले होते, "आत्या, हितं तुझं केस कुठं गेलं?" ती म्हणाली, "हिरीत."

त्या मांडवात ती खांबाला टेकून बसली होती. विहिरीची गोष्ट तिने पदर तोंडाला लावून ऐकली. बोलली काहीच नाही.

आणि आणखी एक बाई होती, जिचे नाव त्या दिवशी कोणीच घेतले नाही. आबांची थोरली बहीण. तिला सगळे आक्का म्हणत. विसाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परत आली आणि १९९५ साली मरेपर्यंत गोठ्याशेजारच्या खोलीत राहिली. शेण तिने काढायचे, दळण तिने दळायचे, बाळंतिणींच्या अंगाला तिने तेल लावायचे; आणि लग्नाकार्यात मात्र तिने पुढे यायचे नाही. दर भाऊबीजेला आबा तिला हिरव्या काठाचे एक लुगडे घेत. गाव म्हणे, "भाऊ असावा तर असा. आयुष्यभर बहिणीला पोसली." मीही शाळेच्या निबंधात तेच लिहिले होते.

२०१४ साली, आबांच्या अंगात अजून बोलण्याची ताकद होती तेव्हा, असाच भाऊबीजेचा दिवस होता. ओवाळून झाले, बहिणी पानावर बसल्या. आबा ओसरीवर एकटेच होते. मला जवळ बसवून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, आक्काचं माझ्याकडं राहिलं."

मला वाटले, काही उसनेपासने असेल.

"म्हातारं गेलं अठ्ठावन्न साली," ते सांगू लागले. "तलाठी आला नावं लावाया. म्हनला, बहीन हाय का कुनी? म्या म्हनलं, हाय एक, पन तिला काय करायचंय? आक्का चुलीम्होरं बसली हुती. तिनं आयकलं. फुकनी थांबली जरा, आन् परत फुकाया लागली. येवडंच. सदतीस वर्सं माझ्या घरात राबली, पन त्यावर येक शबुद बोलली न्हाई." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "म्या तिला लुगडं द्यायचो आन् गाव मला मोठा म्हनायचं. तिचंच तिला देत हुतो रं."

हे आबांचे माझ्या माहितीतले सर्वांत मोठे वाक्य. छप्पन्न वर्षांचे होऊन गेलेले देणे पुस्तकातून खोडून टाकायला मोकळा असलेला ब्याण्णव वर्षांचा म्हातारा ते देणे स्वतःच्या नावावर मांडतो, याला मी थोरपण म्हणतो. पण तेराव्याच्या मांडवात मला बोलायला सांगितले तेव्हा मी हे वाक्य बोललो नाही. मी विहिरीवर बोललो. 'एकट्याच्या बळावर' हे शब्द मीही वापरले. माझे भाषण लोकांना आवडले.

दहाव्याची एक गोष्ट सांगायची राहिली. नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढू लागले. भावकीतले लोक म्हणू लागले, "काय तरी इच्छा राहिलीया म्हाताऱ्याची." कोणी म्हणाले बैलांत जीव अडकला, कोणी म्हणाले नातीच्या लग्नात. शेवटी एक वृद्ध म्हणाला, "लेकीत जीव हुता त्येचा." तेव्हा माझे वडील पुढे झाले, दोघे चुलते पुढे झाले, आणि तिघांनी हात जोडून मोठ्याने सांगितले, "आबा, बहिणींना अंतर देणार नाही." थोड्या वेळाने कावळा आला. काकस्पर्शावर माझा विश्वास आहे की नाही, हा प्रश्न इथे नाही. शब्द दिला गेला, तो शंभर माणसांनी ऐकला, एवढे खरे.

माघ महिन्यात तिन्ही आत्यांना निरोप गेले. जीप आली. सगळे तालुक्याच्या गावी, दस्त नोंदवायच्या कचेरीत गेलो. मीही गेलो, मास्तर म्हणून मला मुद्दाम नेले होते. कागद तयारच होता. त्याचे नाव हक्कसोडपत्र.

थोरल्या आत्याने कागद हातात घेतला, उलटा धरला, आणि माझ्याकडे दिला. "मास्तर, काय लिवलंय रं यात?" मी वाचले. वडिलोपार्जित मिळकतीतील आपला सर्व हक्क, हितसंबंध आपण भावांच्या लाभात राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दबावाशिवाय सोडून देत आहोत, असे त्यात लिहिले होते. ती म्हणाली, "राजीखुशीनं म्हंजी कुनाच्या खुशीनं?" माझे धाकटे चुलते पटकन म्हणाले, "आक्का, आबांच्या नावाला बट्टा लागंल असं कायतरी करू नगंस. आबांचीच इच्छा हुती, जमीन येका जागी राहावी." तिने माझ्याकडे पाहिले. ओसरीवर आबा काय बोलले होते ते मला ठाऊक होते, आणि मी कागदाकडे पाहत राहिलो. मग तिने यंत्रावर अंगठा ठेवला, कॅमेऱ्यासमोर बसताना पदर नीट केला, आणि विहिरीचा, बागाइताचा, घराचा तिचा वाटा संपला.

परत येताना जीप कापडाच्या दुकानापाशी थांबली. तिघींना तीन लुगडी घेतली. थोरलीला हिरव्या काठाचे.

ही काही माझ्या एकट्याच्या घरची गोष्ट नाही. तशी असती तर मी ती छापायला दिली नसती. तुमच्या तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्धा तास उभे राहा. म्हातारा गेल्यावर बहिणींना घेऊन आलेल्या जीपगाड्या तुम्हाला दिसतील. बहुतेक बायकांच्या कपाळावर ऊन असेल आणि हातात पाण्याची बाटली. आणि जवळजवळ प्रत्येक गाडीत एक मेलेला म्हातारा बसलेला असेल. सही त्याच्याच नावाने मागितली जाते.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. वडीलधाऱ्यांचे स्मरण करा, त्यांच्या नावाने शाळेला बाक द्या, पाणपोई घाला. पण त्यांना देव करायचे आणि मग त्या देवाच्या तोंडी आपल्या सोयीची आज्ञा घालायची, याला स्मरण म्हणत नाहीत. कावळ्याला दिलेला शब्द दोन महिने टिकला नाही. आपण त्या पाखराला सुद्धा फसवले.

आता कायदा काय म्हणतो ते साध्या शब्दांत सांगतो. हिंदू कोड बिल रखडले, आणि त्या रखडण्यात मुलीला वाटा देण्यावरचा विरोध हे एक मोठे कारण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला त्यामागे या बिलाची कुचंबणा होती. पुढे १७ जून १९५६ पासून हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला. त्याने वडिलोपार्जित जमिनीवरचा जन्मसिद्ध हक्क मुलांपाशीच ठेवला. पण बाप मृत्युपत्र न करता मेला, तर त्याच्या स्वतःच्या हिश्शात मुलीला मुलाइतकाच वाटा सांगितला. म्हणजे १९५८ साली आक्का जेव्हा चुलीपुढे बसली होती, तेव्हाही ती कायद्याने वारस होती. तलाठ्याने विचारले ते उगीच नव्हते.

२२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने मुलीला जन्मतः सहहिस्सेदार केले. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. माझ्या तिन्ही आत्या त्यात गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने कायदा सुधारला आणि लग्न झालेली, न झालेली हा भेद काढून टाकला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हा हक्क मुलीला जन्माने मिळतो. २००५ साली बाप जिवंत होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही. कायद्याच्या पुस्तकात आता भाऊ आणि बहीण एका ओळीत उभे आहेत. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांत बायका शंभरात चौदाच्या आसपास निघाल्या. शेतात भांगलायला, काढायला, वेचायला त्या किती आहेत ते सांगायला गणना लागत नाही. कोणत्याही बांधावर उभे राहिले म्हणजे दिसते. या दोहोंमधली तफावत कायद्याने ठेवलेली नाही. त्यातला मोठा भाग आपण राजीखुशीच्या कागदाने भरून काढला आहे.

याला उत्तरे तयार असतात. मी ती सगळी ऐकली आहेत. काही स्वतः दिलीही आहेत.

पहिले उत्तर : मुलीच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा. फार चांगले. पण तो खर्च गेला कोणाकडे? मांडववाल्याकडे, आचाऱ्याकडे, आणि हुंडा म्हणून व्याह्याकडे. हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि आपण तो गुन्हा बहिणीच्या खात्यावर जमा दाखवतो. शिवाय भावांची लग्ने काय फुकट झाली? त्यांचा खर्च त्यांच्या वाट्यातून कोणी कापला?

दुसरे उत्तर : तिला सासरी मिळेल की. सासरी कोठून मिळणार? तिथे तिच्या नणंदेने सही केली आहे, आणि तो वाटा नवऱ्याच्या नावावर गेला आहे, तिच्या नाही. नवरा मेला की दिरांच्या तोंडाकडे पाहायचे. माहेर म्हणते सासर बघ, सासर म्हणते माहेर बघ. आणि या दोन घरांच्या मध्ये आक्काची ती गोठ्याशेजारची खोली असते.

तिसरे उत्तर शहाण्यांचे असते : जमिनीचे तुकडे होतील. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी जमीन खातेदारामागे ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली. हे तुकडे कोणी केले? बहिणींनी तर सह्या करून दिल्या होत्या! तुकडे भावांनी केले. आमच्या अठरा एकरांचे तीन भाग झाले, बांधावरून दोन फौजदाऱ्या झाल्या, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या. तेव्हा कोणालाही शेतीशास्त्र आठवले नाही. ते फक्त बहीण दारात आली की आठवते. एकत्र कसायचे असेल तर नावे वेगळी असूनही एकत्र कसता येते. बहिणीचे नाव सातबाऱ्यावर असले म्हणून नांगराला अडत नाही.

चौथे उत्तर : हे शहरातल्या शिकल्यासवरल्या बायकांचे खूळ आहे. तसे नाही. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. पुढे त्याच संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या बायकांच्या नावावर जमीन करून दिली. ती माणसे फेटेवाली होती, पायात चिखल असलेली होती. त्यांच्या नावाला बट्टा लागल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणि शेवटचे उत्तर, जे सर्वांत प्रेमळ आवाजात दिले जाते : "वाटा मागितलास तर माहेर तुटेल." वाचकहो, हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहा. ते प्रेमाचे वाक्य नाही. ती धमकी आहे. बहीण ते ओळखते. तिला माहेरची जमीन नको असते असे आपण मानतो. तिला माहेर हवे असते, म्हणून ती जमीन सोडते. दारात गेल्यावर कोणी तरी पाण्याचा तांब्या पुढे करावा, वहिनीने "राहा की चार दिवस" म्हणावे, एवढ्यासाठी ती विहिरीवर पाणी सोडते. आणि आपण त्या कागदावर 'राजीखुशीने' असे लिहून घेतो. जे माहेर सहीवर उभे आहे, ते तुटायचे काय राहिले आहे? ते सही मागितली त्याच दिवशी तुटले. तिला फक्त भाडे भरून यायची परवानगी उरली.

मला कोणी म्हणेल, "मास्तर, तुम्ही आजोबांची बदनामी केलीत." मी उलटे म्हणतो. शहाण्णव वर्षे जगलेल्या माणसाचे आयुष्य फ्लेक्सवर मावत नाही. त्यात विहीर असते आणि विहिरीत गेलेले केस असतात. सावकाराचे पै न् पै फेडलेले कर्ज असते आणि बहिणीचे न फेडलेलेही असते. आबांना कर्मयोगी म्हटल्याने त्यांचे काही वाढले नाही. पण म्हातारपणी ओसरीवर बसून ते स्वतःच्या चुकीपाशी पोचले, हे मी लपवले तेव्हा मी त्यांच्यापासून त्यांचे सर्वांत चांगले कृत्य चोरले. पिंडदान करणारे आम्ही तिघा भावांचे घर. आणि म्हाताऱ्याने मागे ठेवलेले खरे देणे काय, ते मला एकट्याला ठाऊक असून मी तोंड मिटून बसलो. श्राद्ध हा शब्द श्रद्धेपासून आला असे आपण मुलांना शिकवतो. श्रद्धा खऱ्यावर ठेवायची असते.

२०२१ साली माझे वडील गेले. त्यांच्या वाट्याच्या सहा एकरांवर वारस लावायचा अर्ज मीच लिहिला. आई, मी आणि माझी बहीण, अशी तीन नावे घातली. भावकीतल्या एकाने तळ्यावर गाठून विचारले, "बहिणीची सही न्हाई घेतली?" मी म्हणालो, "घेतली की. अर्जावर, वारस म्हणून." तो हसला, मी थट्टा करतो असे त्याला वाटले. बहिणीला मी फोन करून सांगितले, तर ती बराच वेळ बोलेना. मग म्हणाली, "दादा, ह्यावरून वहिनी काही म्हणाली का?" हक्क तिच्या नावावर लागला होता, आणि काळजी तिला माझ्या घरातल्या भांडणाची होती. माझ्या बायकोला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग आता मी माझ्या भावाला विचारायला मोकळी झाले." त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

आत्यांचे काय? तिथे माझे पाऊल अडखळते, हे कबूल केले पाहिजे. नोंदवलेला दस्त नुसत्या पश्चात्तापाने पुसला जात नाही. पण भावांनी मनावर घेतले तर बक्षीसपत्राने जमीन परत देता येते. मी चुलत्यांपाशी गोष्ट काढली. धाकटे चुलते तेव्हापासून माझ्या घरचे पाणी पीत नाहीत. मग मी आई आणि बहीण यांच्याशी बोललो. आमच्या सहा एकरांतून विहिरीलगतचा एक एकर थोरल्या आत्याच्या नावावर करायचे आम्ही तिघांनी ठरवले आहे. तिचा वाटा याहून मोठा होता, मधल्या आणि धाकट्या आत्यांचे देणे अजून उरतेच, हे मला कळते. दिवाळीनंतर कागद करायचा आहे. तिला सांगायला गेलो तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. ऐकून घेतले आणि म्हणाली, "आता मला काय करायचंय रं त्ये? सत्तरी उलटली माझी." आणि थोड्या वेळाने, मान वर न करता, "हिरीकडचा का?"

मी म्हणालो, "हो, हिरीकडचाच."

"बरं," ती म्हणाली, आणि शेंगा फोडू लागली.

तिला काय करायचंय, हा प्रश्न १९५८ साली आबांनी तलाठ्यापुढे टाकला होता. साठाहून जास्त वर्षांनी तोच प्रश्न ती स्वतःविषयी विचारत होती. माणसाला आपला वाटा नाही हे असे इतके खोल शिकवता येते.

म्हणून या भाऊबीजेला एवढेच करा. पाट मांडा, रांगोळी काढा, बहीण ओवाळील, तबकात ओवाळणी घाला. जेवण झाल्यावर, सुपारी कातरता कातरता, सातबारा काढून पाहा. आता त्यासाठी तलाठ्याच्या दारी जावे लागत नाही. घरातल्या कोणत्याही पोराच्या मोबाइलवर तो दिसतो. त्यावर बहिणीचे नाव आहे का, ते तिच्या देखत मोठ्याने वाचा. असेल तर तुमचे घर भाग्याचे. नसेल, तर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवू नका. तो म्हातारा काही म्हणालेला नाही. आणि म्हणाला असेल, तर कदाचित वेगळेच म्हणाला असेल. ते कोणाला तरी ठाऊक असेल, आणि तो माणूस माझ्यासारखा गप्प बसला असेल.